दरडीचा व्हिडिओ वर्गात लावण्याआधी

(दृश्य : डिंभे धरणाचं बॅकवॉटर, वर ढग, मागे हिरवा डोंगर)

हा माळीणचा डोंगर. 30 जुलै 2014 ला सकाळी याच उतारावरून दरड आली आणि खालचं गाव गाडलं गेलं, 151 माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, नेहमीच्या रस्त्याने बस घेऊन आला आणि बघतो तर गाव जागेवर नाही. आज मोबाईलवर माळीण टाइप केलं की व्हिडिओंची रांग लागते, काही खरंच चांगले आहेत, काही बघवत नाहीत, आणि दोन्हीच्या खाली लिहिलेलं असतं माहितीपट. बघणाऱ्यांत पाचवीतली पोरं पण असतात आणि बारावीतली पण.

(दृश्य : शिक्षकांची खोली, लॅपटॉप, ओढलेले पडदे, दोन बाई आणि एक सर)

हे तिघं अशाच डोंगराळ भागातल्या एका शाळेत शिकवतात. पावसाळ्याच्या तोंडावर मुलांना दरडीबद्दल सांगायचंय, त्यासाठी एक डॉक्युमेंटरी निवडलीय, बावीस मिनिटांची. पण वर्गात लावण्याआधी ती स्वतः पूर्ण बघायची, मधे उठायचं नाही, पुढे ढकलायची नाही, हा त्यांचा नियम.

पहिल्यांदा बघतात ते आवाज बंद करून. फक्त चित्र. एकच शॉट किती वेळा येतो त्याच्या रेघा मारत जायच्या. बघा, डोंगर खाली येतानाचा हा सात-आठ सेकंदांचा तुकडा सुरुवातीला आला, मधे आला, स्लो मोशनमध्ये आला, शेवटी परत आला. मोठ्यांना कळतं की हे एकदाच घडलं. लहान मुलांना ते कळेलच असं नाही. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत टीव्हीवर तेच टॉवर दिवसभर पडताना दाखवत होते, आणि बऱ्याच छोट्या मुलांना वाटत होतं की प्रत्येक वेळी नवीन विमान नवीन बिल्डिंगवर आदळतंय. म्हणून रेघा. तीनपेक्षा जास्त झाल्या की तो व्हिडिओ लहान वर्गासाठी बाद.

(दृश्य : स्क्रीनवर टाकलेली ओढणी, खाली फक्त स्पीकर)

दुसऱ्यांदा चित्र झाकून फक्त आवाज. हे कोणी करत नाही आणि खरं तर इथेच सगळ्यात जास्त सापडतं. पावसाचा आवाज, जेसीबीचा आवाज, माणसांच्या हाका, इथपर्यंत ठीक, हे तिथलंच आहे. पण त्याच्याखाली हॉरर सिनेमातलं म्युझिक कोणी घातलं? रडणाऱ्या बाईचा आवाज मागे-पुढे करून तीनदा कोणी वाजवला? ते दरडीने केलेलं नाही, एडिटिंग टेबलवर बसलेल्या माणसाने केलंय.

(दृश्य : वहीचं पान, क्लोजअप)

तिसऱ्या खेपेला वही. पानावर असं लिहिलंय — 3:10, चिखलातून हात, ब्लर नाही. 7:45, वाचलेल्या मुलीचा चेहरा, नाव, गाव, सगळं उघड. 12:20, उताराला पडलेली भेग, छान समजावलंय, हे ठेवा. 16:05, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ, झाडं कललेली, हे नक्की ठेवा.

या पावणेआठ मिनिटांच्या नोंदीवर तिघांचा बराच वाद झाला. चेहरा दिसला तर काय बिघडलं, ती वाचली ना, असं सरांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं की ती मुलगी आज कॉलेजात असेल, तिने हो म्हटलं होतं का? आम्ही बाईंच्या बाजूचे आहोत, सरळ सांगतो.

मग प्रश्न येतो की एवढं सगळं आहे तर दाखवायचंच कशाला. त्याचं उत्तर थायलंडच्या किनाऱ्यावर आहे.

(दृश्य : समुद्र, फेस, नकाशावर फुकेत)

26 डिसेंबर 2004. फुकेतचा माईखाओ बीच. इंग्लंडहून सुट्टीला आलेली दहा वर्षांची टिली स्मिथ आईवडिलांबरोबर किनाऱ्यावर फिरत होती आणि तिला दिसलं की पाणी वेगळंच वागतंय, बिअरवर येतो तसा फेस, लाट येतेय पण मागे जातच नाही, आत आत येतेय. साधारण दोन आठवडे आधीच भूगोलाच्या तासाला तिच्या सरांनी 1946 च्या हवाईतल्या त्सुनामीचं फिल्मिंग दाखवलं होतं. तिने ते ओळखलं. आईला पटेना, ती ओरडायला लागली, वडिलांनी गार्डला सांगितलं, किनारा रिकामा केला आणि थोड्याच वेळात लाट आली. सुमारे शंभर माणसं त्या पोरीमुळे वाचली असं मानतात. आपत्तीचाच व्हिडिओ होता तो. पण त्यात समुद्र कसा वागतो हे दिसत होतं आणि तेच तिच्या लक्षात राहिलं.

जपानमध्ये कामाईशीत 11 मार्च 2011 ला जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलं वाचली, मोठ्या मुलांनी छोट्यांचे हात धरून त्यांना उंचावर पळवलं, कारण कधी आणि कुठे पळायचं हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं. आणि त्याच जपानमध्ये आता टीव्हीवर त्सुनामीची दृश्यं लावायच्या आधी पट्टी येते की पुढे त्सुनामीची दृश्यं आहेत. ज्याला नको तो उठून जाऊ शकतो.

(दृश्य : मोबाईलवर सरकणारे थंबनेल, लाल बाण, लाल गोल)

आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, 2024 पासून यूए मध्ये सुद्धा 7, 13 आणि 16 असे वयाचे टप्पे केलेत, चांगलंच झालं. पण यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ बोर्डाकडे जातच नाही. तो तपासणार कोण, तर घरात तुम्ही आणि शाळेत हे तिघं.

त्यांनी ठरवलं ते असं. चौथीपर्यंत खऱ्या दरडीचं फुटेज नाहीच, फळ्यावर चित्र काढायचं. पाचवी ते सातवी तुकड्या-तुकड्याने, दिवे चालू, थांबवत, विचारत. आठवीच्या पुढच्यांपासून लपवण्यात अर्थ नाही, त्यांनी 3:10 चा तो शॉट रीलवर आधीच बघितलाय, त्यांना उलट विचारायचं की हा शॉट इथे का लावला असेल, हे म्युझिक काढलं तर काय वाटेल. ज्याच्या घरचं कोणी अशा घटनेत गेलंय त्याला आदल्या दिवशी एकट्याला सांगायचं, आणि तो नको म्हणाला तर का म्हणून विचारायचं नाही.

(दृश्य : वर्ग, मुलांचे चेहरे, प्रोजेक्टरचा उजेड)

बावीस मिनिटांतली नऊ मिनिटं वर्गात लागली. एक मुलगा मधेच बाहेर गेला, बाई त्याच्यासोबत गेल्या, थोड्या वेळाने तो परत आला. बाकीच्यांनी प्रश्न विचारले.

(दृश्य : फळा, 1077)

हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर, मुलांनी वहीत उतरवून घेतला. बावीस मिनिटांच्या त्या डॉक्युमेंटरीत तो कुठेच नव्हता, सरांनी तो फळ्यावर लिहिला. जे लोक अशा फिल्म बनवतात त्यांच्याकडे या तिघांचं मागणं आहे की सुरुवातीला काय दिसणार ते लिहा, भेगांचा आणि ओढ्याचा भाग वेगळा करून टाका, आणि हा नंबर शेवटी का होईना पण लावा.