बुगडी माझीच

अध्यक्ष महाराज, आणि पंखे बंद असूनही जागा न सोडलेले परभणीकर हो, पत्रिकेत माझा विषय ‘स्वर, पट्टी आणि लिंगभाव’ असा छापलाय. शेवटचा शब्द माझा नाही, संयोजकांचा. मला एवढंच सांगायचंय, की पुरुषानं बाईचं जुनं गाणं म्हणलं तर पट्टी, म्हणजे सूर किती उंच धरायचा ते, बदलावी, शब्द बदलू नयेत.

मागं आमच्या गल्लीच्या गणपतीत मी ‘बुगडी माझी सांडली गं’ म्हणणार होतो. कराओके ट्रॅक आणला, कोटाला इस्त्री केली. ऐनवेळी मंडळाची पोरं म्हणली, ‘काका, मिशा आहेत तुम्हाला. बुगडी तिची करा की.’ केली. लावणीचा पंचनामा झाला! बुगडी तिची, साताऱ्याला ती चाललेली, मग फिर्याद घेऊन हा बाप्या का उभा? शिवाय तो ‘गं’ राहिलाच. तो कुणाला? आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत. घरी आल्यावर चप्पलसुद्धा काढू दिली नाही. ‘कुणाची बुगडी?’ हसा, हसा. ज्यांनी ही चौकशी भोगलीय ते हसत नाहीयेत, इथून दिसतंय मला.

बरं, ते गाणं आहे १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’तलं. आवाज आशाबाईंचा, पडद्यावर जयश्री गडकर, चाल वसंत पवारांची, शब्द गदिमांचे. म्हणजे बुगडी सांडली तीच मुळी बाप्याच्या लेखणीतून!

आपल्या मुलखाला तर याचं नवल असूच नये. गंगाखेडची जनाबाई म्हणते, ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’. फेटा बांधलेले बुवा कीर्तनात हे गातात. कुणी विचारलंय, महाराज, पदर कुठाय? पैठणच्या नाथांनी भवानीला रोडगा बोलणारी सून लिहिली. सासू, सासरा, जाऊ, सगळ्यांचा काटा काढ म्हणते ती. लुगडी नेसून पुरुष ते भारुड करत आले. तिथं ‘माझा’ सासराऐवजी ‘तिचा’ सासरा म्हणा बरं! नवस कुणाचा नि फेडायचा कुणी?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. वाटलंच होतं.

पट्टीचं भराभरा सांगतो. बायका साधारण काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात, आपण काळी एकमध्ये. ट्रॅक मशीनवर सात पट्ट्या खाली ओढला की तबला रांजणात वाजल्यासारखा येतो. त्यापेक्षा पेटीवाला बरा. दुसरं, ‘गेले’चं ‘गेलो’ केलं की यमक मोडतं. तिसरं, बायकांना हा त्रास कमी. पुरुषाचं गाणं त्यांनी म्हणलं तर कौतुक, आपण त्यांचं म्हणलं तर शिट्ट्या. आपले शायर सिराज औरंगाबादी, त्यांची गझल पाकिस्तानच्या गायिका आबिदा परवीन गातात, ‘न तो तू रहा न तो मैं रहा’. ‘रही’ केलंय का त्यांनी? यावर खरं तर अर्धा तास बोलणार होतो, पण अध्यक्ष घड्याळ बघतायत.

पेटीवाले, काळी एक द्या. आणि अहो, पहिल्या रांगेत, तुम्ही बसा. आज माझीच सांडणार आहे.