या पावसाळ्यात गेम घ्या, पण एकच

नमस्कार मंडळी. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद झालीय ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोटी वर ओढून झाल्या, ताडपत्र्या घालून झाल्या, आंब्याचा सीझन आटोपला, आणि लावणीच्या गडबडीत असलेली घरं सोडली तर संध्याकाळी सातनंतर माणूस घरातच. आणि नेमका याच दिवसांत, साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात, स्टीमचा समर सेल सुरू होतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान, वाल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीचं, २००३ पासून चालू आहे. सेल लागला की हजारो गेम निम्म्या किमतीत, पाव किमतीत, आणि आपल्याकडची पोरं, पोरी, अगदी चाळिशी उलटलेली माणसंसुद्धा मोबाईल हातात घेऊन बसतात की आता काय काय घेऊ. मला आज त्यांच्याशीच बोलायचंय. माझं म्हणणं एवढंच की या पावसाळ्यात गेम जरूर घ्या, पण एकच घ्या, आणि तो चवीचवीनं खेळा.

मी देवगड तालुक्यात कॉम्प्युटर, लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे लोकांच्या मशीनमध्ये काय काय भरलंय ते रोज दिसतं. मे महिन्यात एक कॉलेजचा मुलगा आला, म्हणे काका लॅपटॉप फार स्लो झालाय. उघडून बघतो तर सी ड्राइव्ह लालभडक, सगळी जागा गेमनी खाल्लेली. स्टीममध्ये प्रत्येक गेमपुढे तुम्ही तो किती वेळ खेळलात ते लिहिलेलं असतं, तर याच्या यादीत कुठे अकरा मिनिटं, कुठे अर्धा तास, आणि बऱ्याच गेमपुढे काहीच नाही. मी विचारलं हा कसा आहे रे? म्हणाला, माहीत नाही, सेलमध्ये होता. आणि हा? तो पण सेलमध्येच. मग खाली एक दिसला, हॉलो नाइट, त्याच्यापुढे मात्र शंभराच्या वर तास. हा कसा आहे म्हटल्यावर पोरगं खुर्चीत सरसावून बसलं आणि सांगायला लागलं, काका, जमिनीखाली किड्यांचं एक उजाड झालेलं राज्य आहे, त्यात नकाशा आयता मिळत नाही, नकाशे काढणारा एक किडा त्या गुहांमध्ये कुठेतरी बसलेला असतो आणि गुणगुणत असतो, त्याचे कागद वाटेत पडलेले दिसतात, मग आवाज कुठून येतोय ते ऐकत ऐकत त्याला गाठायचं आणि त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा, आणि घेतला तरी त्यावर आपण कुठे उभे आहोत ते दिसत नाही, त्याला होकायंत्र वेगळं घ्यावं लागतं. त्यानं ते गुणगुणणंसुद्धा मला काढून दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधल्या मूठभर लोकांनी २०१७ साली काढलेला हा गेम, आणि देवगडातलं पोरगं त्यातली प्रत्येक वाट पाठ असल्यासारखं बोलत होतं.

पैसे त्यानं सगळ्याच गेमना मोजले होते, पण त्याचा झाला तो हा एक.

सेल कसा बांधलेला असतो ते जरा बघा. किमतीच्या बाजूला हिरव्या चौकोनात सूट, सेल कधी संपणार त्याची तारीख, विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकलेल्या गेमला सूट लागली की लगेच मेल, आणि पैसे द्यायला यूपीआय, म्हणजे विचार करायला मध्ये जागाच नाही. पंच्याऐंशी टक्के सूट दिसली की आपण गेम बघतच नाही, सूटच बघतो, आणि हातून बटण दाबलं जातं. शिवाय एपिक गेम्सचं दुकान २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडलं, ते तर दर आठवड्याला काही ना काही फुकटच देतं. घेऊन ठेवू, पुढे कधीतरी खेळू, असं म्हणत माणूस साठवत जातो. पण साठवतोय ती वस्तूसुद्धा धड आपली नसते, कारण आपण घेतो ते खेळण्याचं लायसन्स असतं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे देण्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहितं. म्हणजे आंब्याची बाग घेऊन ठेवली, पुढच्या पिढीला उपयोगी पडेल, असला हा प्रकार नाही. खेळलात तरच त्यातून काही मिळालं.

आता कुठला घ्यायचा? इथे मी आपल्या किनाऱ्याचा विचार करून सांगतो, कारण शहरातल्या यूट्यूबरचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे पावसात लाईट जाते, नेट जातं, कधी दोन्ही एकदम जातात. तेव्हा पहिली गोष्ट, गेम ऑफलाइन चालतो का ते बघा. दुसरं, डाऊनलोड केवढा आहे. काही मोठ्या गेमना शंभर जीबीच्या वर जागा लागते, तो जुलैच्या पावसात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवायला बसलात तर गणपती येतील. तिसरं, गेम सेव्ह कधी होतो. हे कोणी बघत नाही आणि मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तासभराची मेहनत वायरमनच्या हातात असली तर मजा जाते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावाच, गेमसाठी नसला तरी हार्ड डिस्कसाठी लावा. आणि ट्रेलर बघून ठरवू नका, कोणीतरी काही न बोलता नुसतं खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघा, त्यात कंटाळा आला नाही तर गेम आपल्यासाठी आहे. घेतल्यावरही वाटलं की जमत नाही, तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात, २०१५ पासून ही सोय आहे. तिचा वापर करायला लाजू नका, पण तो परत केलेला गेम सोडून मग चार घेऊ नका म्हणजे झालं.

मला कोणी दुकानात येऊन विचारलं की काका एकच सांगा, तर मी बहुतेकांना स्टारड्यू व्हॅली सांगतो. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसानं चार वर्षांहून जास्त काळ एकट्यानं बसून केलेला गेम, चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामिंग त्याचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, आणि अजूनही त्यात फुकट भर पडतेय, २०२४ च्या मार्चमध्ये केवढा तरी मोठा अपडेट आला. साध्या लॅपटॉपवर चालतो, नेट लागत नाही. आजोबांनी ठेवलेली पडीक जमीन आपल्याकडे येते, बाजूला समुद्र, छोटं गाव, आणि पहिल्या दिवशी हातात १५ बिया. बस, एवढ्यावर सुरुवात.

आता याचा हिशोब बघा, मला तो फार आवडतो. गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा. ऋतू चार, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, म्हणजे वर्ष ११२ दिवसांचं. रोज रात्री जेवणं झाल्यावर दोन दिवस खेळलात, म्हणजे जेमतेम अर्धा तास, तर ५६ रात्रींत गेममधलं एक वर्ष पुरं होतं, आणि आपली मासेमारीबंदी ६१ दिवसांची. बोटी पाण्यात जायच्या आत एक अख्खं वर्ष जगून होतं, वर पाच रात्री शिल्लक, त्या लाईट गेलेल्या रात्रींसाठी धरा. सेव्ह होतो तो दिवस संपवून झोपल्यावर, तेव्हा मध्येच लाईट गेली तरी गेला तर तेवढाच दिवस.

आणि पाऊस! त्या गेममध्ये पाऊस पडला की शेताला पाणी घालायचं काम वाचतं, सगळा दिवस मोकळा मिळतो, मग गळ घेऊन समुद्रावर. काही मासे पावसातच लागतात. रेड स्नॅपर, म्हणजे आपली तांबोशी, ती तिथे पावसाच्याच दिवशी मिळते, तेही दिवसा. आमच्या इथल्या एका बोटवाल्याची सातवीतली मुलगी हा गेम खेळते, ती वहीत लिहून ठेवते कुठला मासा कुठल्या ऋतूत, किती वाजता, पाऊस असताना का नसताना. इंटरनेटवर ही सगळी माहिती तयार तक्त्यात मिळते, तिला ते माहीत आहे, तरी तिला स्वतःच लिहायचंय. तिच्या बाबांनी ती वही चाळली आणि तारलीच्या वेळेवरून दोघांचा वाद झाला, म्हणजे बाबा आपल्या समुद्राचं सांगत होते आणि ती तिच्या. अर्धा तास चालला. एका गेममधून एवढं निघतं, तो पुरेसा वेळ घरात राहिला तर.

ज्यांना शेती नको, डोकं चालवायचंय, त्यांच्यासाठी दुसरं नाव, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. लुकास पोप यानं केलेला, २०१८ चा. ओब्रा डिन हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, बेपत्ता झालेलं, १८०७ साली फाल्मथ बंदरात आपलं आपण येऊन लागतं आणि त्यावर जिवंत माणूस एकही नाही. आपण कंपनीचे विम्याचे इन्स्पेक्टर. जहाजावर ६० माणसं होती, प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं हे शोधायचं. हातात एक घड्याळ, ते मृताजवळ धरलं की त्याच्या मरणाचा क्षण थिजलेला समोर उभा राहतो आणि आपण त्यात चालत फिरून बघायचं. सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत काढलेलं. कोण कुठल्या उच्चारात बोलतोय, कोणाच्या झोपायच्या झोळीवर कुठला नंबर आहे, कोणाच्या अंगात कुठले कपडे आहेत, यावरून नाव लावायचं. आणि तिघांचं बरोबर आलं की मगच गेम सांगतो की बरोबर, त्यामुळे ठोकताळे मारून पुढे जाता येत नाही.

या गेमला इंग्रजी वाचता यायला हवं, पण खेळताना बाजूला चार माणसं बसली तर उलट चांगलंच. आमच्या वाडीत एक काका आहेत, आयुष्यभर बोटीवर खलाशी होते, जगभर फिरलेले. त्यांचा भाचा हा गेम पडवीत बसून खेळत होता, काका मागे खुर्चीवर. त्या जहाजावर आपल्याकडचे, म्हणजे हिंदी खलाशीही आहेत, ते दिसल्यावर काका पुढे सरकले. भाचा एकेकाच्या तोंडाकडे बघून ओळखायला बघत होता, तर काका म्हणाले, "तोंडां कित्याक बघतस? कोण कोणाच्या बाजूक बसलो आसा ता बघ. बोटीर माणूस आपल्या माणसांतच बसता." आणि खरोखर, त्या गेममध्ये जहाजावरच्या माणसांची हातानं काढलेली चित्रं आहेत, त्यात कोण कोणाबरोबर बसलंय हाच मोठा धागा आहे! पुढे काय निघतं ते मी सांगणार नाही, कारण हा गेम एकदाच खेळता येतो, उत्तरं कळली की संपला. म्हणूनच तो घाईत संपवू नये.

आपल्याच माणसांचं काही हवं असेल तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी आहे, २०२० चा. भावाला राक्षसांनी नेलंय आणि बहीण त्याला शोधायला निघते, महाल आणि किल्ले फार देखणे काढलेत, गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. गेम छोटा आहे, चार-पाच संध्याकाळींत होतो, पण मन लावून बघण्यासारखा आहे.

काही जण म्हणतील, काका, एकाच गेमचा कंटाळा येतो. येतो ना. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतोच, आणि तेव्हाच माणूस दुसरा उघडतो. आपल्याकडे दशावतार बघायला माणसं रात्रभर बसतात, आख्यान सगळ्यांना पाठ, कोण मरणार कोण जिंकणार सगळं माहीत, आणि मध्यरात्रीनंतर जरा डुलकीही येते, पण पहाटेचं युद्ध बघायला तीच माणसं जागी असतात आणि संकासुर आज कोण करतोय, त्यानं कालच्यापेक्षा काय वेगळं केलं यावर घरी जाताना बोलतात. गेममध्येही तसंच आहे. कंटाळ्याचे दोन दिवस काढले की त्याच जागी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, म्हणजे गावातला एखादा म्हातारा बुधवारी कुठे जातो, किंवा एखादं दार आपण इतके दिवस नुसतं ओलांडून गेलो. तेव्हा कंटाळा आला तर दोन दिवस गेम बंद ठेवा, दुसरा विकत घेऊ नका.

आवाज चालू ठेवा. संगीत बंद करून मोबाईलवर रील बघत खेळण्यात काही अर्थ नाही. गाईड, म्हणजे गेम कसा सोडवायचा ते लिहिलेली माहिती, लगेच उघडू नका, अडलात तर आधी घरातल्या कोणाला तरी अडचण सांगा, त्याला गेमचं काही कळत नसलं तरी सांगा, सांगता सांगता निम्म्या वेळा सुचतं.

आणि आईवडिलांना एक विनंती. मुलानं गेम मागितला की सरसकट नाही म्हणू नका, आणि सुटका म्हणून तीन-चार एकदम घेऊनही देऊ नका. त्याला म्हणा, आठ दिवसांत ठरव कुठला हवा आणि तोच का हवा ते मला सांग. तो व्हिडिओ बघेल, मित्रांना विचारेल, यादी करेल, खोडेल, आणि या आठ दिवसांतच त्याचा गेम अर्धा सुरू झालेला असेल. घेऊन दिल्यावर अधूनमधून विचारत जा, काय रे, कुठवर आलं? तुम्हाला सगळं नाही समजलं तरी चालेल. सेल साधारण दोन आठवडे चालतो, हिवाळ्यात परत लागतो, तेव्हा आज नाही घेतला तर हुकला असं काही नाही. ज्यांनी ठरवलंय त्यांनी नेट धड आहे तोवर डाऊनलोड मात्र करून घ्या. नमस्कार.