पैसे मोजणाऱ्यांची बाजू : एस्गारोथचा नगरकारभार

अध्यक्षमहोदय, ग्रंथालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय मी ‘एस्गारोथचा नगरकारभार’ असा कळवला होता. बाहेरच्या फलकावर तो ‘एका शहराचा नगरकारभार’ असा लिहिला गेला आहे. त्यामुळे पहिल्या रांगेतील माजी नगरसेवकांच्या चेहऱ्यांवर जी सावधगिरी दिसते आहे, ती दूर करणे हे मी माझे पहिले कर्तव्य समजतो. हे शहर आपल्या जिल्ह्यातले नाही आणि कोणत्याच महसुली नकाशावर नाही. ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक असलेल्या टोल्किन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द हॉबिट’ या पुस्तकात, एका लांबट सरोवराच्या पाण्यावर, झाडांच्या अजस्र खोडांच्या आधाराने ते उभे आहे. आपल्या वाचक मंडळात हे पुस्तक होऊन गेले असल्यामुळे मी कथानक सांगत बसणार नाही.

मला एवढेच मांडायचे आहे की, स्मॉग नावाच्या ड्रॅगनने जाळण्याच्या कितीतरी आधी हे शहर खचलेले होते, त्याच्या खचण्याचे कारण त्याच्या अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूत आहे, आणि ज्या नगरप्रमुखाची वाचक आजवर टिंगल करत आले, त्याच्यावर थोडासा अन्याय झाला आहे. मूळ पुस्तकात त्याला ‘मास्टर’ म्हटले आहे. मी त्याला नगराध्यक्ष म्हणेन, कारण तो वयोवृद्ध आणि जाणत्या मंडळींमधून निवडला जाई. त्याला थेट लोक निवडत की सभासद, हे टोल्किन सांगत नाहीत. आपल्याकडे हा नियम जितक्या वेळा बदलला तो पाहता, त्यांनी सांगितले नाही तेच बरे.

शहराची अवस्था टोल्किन एका तपशिलात सांगून टाकतात. अवर्षणाच्या वर्षी सरोवराचे पाणी उतरले की, काठालगत याहून मोठ्या, जुन्या शहराचे कुजलेले खांब दिसू लागतात. उजनी धरणाचे पाणी ओसरल्यावर पळसदेवचे देऊळ वर येते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. लोक होडीने जातात, शिखराला हात लावतात, छायाचित्रे काढतात आणि परत येतात. युरोपातही असे घडले आहे. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिच सरोवराचे पाणी फार खाली गेले आणि ओबरमायलेन येथे प्रागैतिहासिक वस्तीचे खांब उघडे पडले. फर्डिनांड केलर यांनी त्यांवरून भर पाण्यावर वसलेल्या गावांची कल्पना मांडली आणि तिने पुढे चित्रकारांनाही भुरळ घातली. नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले की, त्यांतली बहुतेक घरे खरे तर काठाच्या ओलसर जमिनीवर होती. टोल्किन यांनी स्वतः काढलेले एस्गारोथचे चित्र पाहिले की, मला ती जुनी चित्रे आठवतात. हे थोडे विषयांतर झाले, परंतु खांब हाच आजचा विषय आहे आणि एस्गारोथच्या खांबांकडे मला एका जकात नाकेदाराच्या नजरेने पाहायचे आहे.

होय, मी नोकरीची बरीच वर्षे एका नगरपरिषदेच्या जकात नाक्यावर काढली. त्या नगरपरिषदेचे नाव मी घेणार नाही. १९९९ साली राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्यानंतर माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीकडे झाली. मुंबईत जकात पुढेही २०१७ पर्यंत चालली, याचे मला त्या काळात थोडे वैषम्य वाटत असे.

एस्गारोथच्या उत्तरेला डेल नावाचे श्रीमंत नगर होते आणि त्यापलीकडच्या डोंगरात खुजांचे, म्हणजे ड्वार्फ नावाच्या बुटक्या लोकांचे, राज्य होते. डेलचा खेळण्यांचा बाजार साऱ्या उत्तरेत प्रसिद्ध होता. दक्षिणेकडून नदीने येणारा माल धबधब्यापाशी उतरवून, गाड्यांवर घालून एस्गारोथला आणला जाई आणि तेथून तो वर जात असे. टोल्किन यांच्या कालगणनेत ड्रॅगन २७७० साली डेल आणि डोंगर उजाड करत आला आणि २९४१ साली मेला, म्हणजे १७१ वर्षे उत्तरेची बाजारपेठ बंद होती. एवढ्या काळात शहराजवळ दक्षिणेचा व्यापार आणि अरण्यात राहणाऱ्या एल्फ जमातीच्या राजाकडून परत येणारी रिकामी पिंपे एवढेच उरले. अशाच एका पिंपावर बसून पुस्तकाचा नायक बिल्बो शहराकडे येतो तेव्हा तराफेवाल्यांचे बोलणे त्याच्या कानावर पडते. माझ्या मते तो या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा आणि वाचकांनी सर्वांत दुर्लक्षित केलेला परिच्छेद आहे. ते काय बोलतात? पूर्वेकडून येणारे रस्ते मोडत चालले आहेत आणि त्यामुळे नदीवरची वाहतूक वाढली आहे, असे ते बोलतात. तसेच नदीची डागडुजी आणि काठांची देखभाल कोणी करायची, यावरून सरोवरवाले आणि एल्फ यांच्यात कुरबुरी चालू आहेत, असेही बोलतात. रस्ता बांधकाम खात्याचा, गटार नगरपरिषदेचे आणि मधला खड्डा कोणाचाच नाही, अशा पत्रव्यवहारात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे वाचताना घरी आल्यासारखे वाटते.

येथे थांबून मला माझ्या नाक्याची हकिगत सांगितली पाहिजे. आमच्या गावाला समांतर जाणाऱ्या दुसऱ्या रस्त्यावरील पूल एका पावसाळ्यानंतर जड वाहनांसाठी बंद झाला आणि सगळे ट्रक आमच्या नाक्यावरून जाऊ लागले. त्या वर्षी पावतीपुस्तके पुरेनात. कार्बनच्या शाईने आमची बोटे रविवारीही निळी असत. सर्वसाधारण सभेत उत्पन्नवाढीबद्दल अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव झाला आणि लगेच दुसरा ठराव झाला की, नगरपरिषदेची नवी इमारत बांधावी व तिला घड्याळाचा मनोरा असावा. दुसऱ्याचा पूल मोडल्यामुळे आपण श्रीमंत झालो आहोत, असे त्या सभेत कोणीही म्हटले नाही. मीही म्हटले नाही, कारण कर्मचाऱ्याने सभेत बोलायचे नसते. दोन वर्षांनी गावाबाहेरून वळणरस्ता झाला. नाका होता तेथेच राहिला, रात्रपाळीही राहिली आणि रजिस्टरच्या रकान्यात तारखेपुढे मी ‘निरंक’ लिहू लागलो. मनोरा पूर्ण झाला, परंतु घड्याळासाठी निधी उरला नाही. तबकडीसाठी सोडलेल्या गोल भोकात पारवे राहू लागले. शाळेतील मुले वेळ विचारली की ‘पारवा वाजला’ असे म्हणत.

अशा रात्री पाळीवरचे आम्ही दोघे शेकोटीशी बसून पत्ते खेळत असू, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. म्हणूनच एस्गारोथच्या पुलावरील पहारेकरी झोपडीत शेकोटीजवळ पीत आणि हसत बसलेले आहेत, हे वाचून मला त्यांचा राग आला नाही. नदीच्या करावरून अधूनमधून होणाऱ्या भांडणांपलीकडे त्यांनी पहारा करावा असे वर्षानुवर्षे काही घडलेच नव्हते, आणि शहरातील तरुण तर डोंगरात ड्रॅगन आहे हेच मानायला तयार नव्हते. मग एके रात्री खुजांचा म्होरक्या थोरिन दारात उभा राहतो आणि मी डोंगराच्या राजाचा नातू परत आलो आहे, असे जाहीर करतो.

आमच्या गावातही एक नातू आला होता. बंद पडलेल्या सरकी-कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मूळ मालकाचा आपण नातू असून तो कारखाना पुन्हा सुरू करणार आहोत, असे त्या गृहस्थांनी सांगितले. दुपारपर्यंत ही बातमी बाजारभर झाली आणि संध्याकाळी नागरी सत्काराचा ठराव तातडीचा विषय म्हणून मंजूर झाला. विश्रामगृहातील चांगली खोली त्यांना देण्यात आली, बँडची मिरवणूक निघाली आणि स्थानिक साप्ताहिकात स्वागतपर कविता आली. ती आमच्याच आस्थापना विभागातील एका लिपिकाकडून लिहून घेतलेली होती, हे मला माहीत आहे, कारण तिच्या टंकलेखनाचा कागद आमच्या नाक्याच्या साठ्यातून गेला. नगराध्यक्षांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारले, “नाकेदार, तुम्ही इतकी माणसे पाहता, हा माणूस तुम्हाला खरा वाटतो का?” मी म्हणालो, “नाही साहेब.” ते म्हणाले, “मलाही नाही. पण आज मी नाही म्हणालो, तर उद्या गाव मला कारखान्याचा मारेकरी म्हणेल.” त्यांनी हार घातला. गृहस्थ पंधरा दिवस राहिले आणि एका पहाटे निघून गेले. मंडपाचे आणि जेवणावळीचे देयक मात्र राहिले. त्यावर लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि त्याची उत्तरे लिहिण्याचे काम, माझे अक्षर बरे असल्यामुळे, तीन वर्षे माझ्याकडे होते.

आता एस्गारोथचा नगराध्यक्ष पाहा. त्याला जुन्या गाण्यांचे विशेष कौतुक नाही. व्यापार, कर, माल आणि सोने यांत त्याचे मन असते व त्या सवयीनेच तो पदावर पोहोचलेला आहे. थोरिन ज्याच्या कैदेतून पळून आला तो एल्फ राजा बलाढ्य आहे आणि त्याचे वैर शहराला परवडणारे नाही, हे तो जाणतो. परंतु गर्दी गाऊ लागते, त्याचा निर्णय त्याच्यावाचूनच होऊन जातो आणि तो आपली खुर्ची थोरिनला देतो. पुढे सोन्याने भरलेल्या नावा खाली येणार, अशी जी नवी गाणी निघतात, ती बहुतांशी त्याच्याच प्रेरणेने निघतात. येथे मला आमचा आस्थापना विभाग आठवतो. थोरिन आणि त्याचे सोबती पंधरवड्यानंतर डोंगराकडे निघतात तेव्हा नगराध्यक्षाला वाईट वाटत नाही, कारण त्यांचा खर्च भारी पडतो आहे आणि त्यांच्या पायी सगळे कामकाज ठप्प झाले आहे. हा दुष्ट माणसाचा विचार नाही, श्रोतेहो. हा हिशेब आहे, आणि ज्या शहरात सगळे गात असतात तेथे कोणीतरी तो ठेवावा लागतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. फलकावरचा विषय अजून सुरू व्हायचा आहे, तेव्हा भराभर सांगतो.

एस्गारोथची वाहतूक वाढत होती आणि शहर तरीही उतरणीला लागलेले होते, ही तराफेवाल्यांच्या बोलण्यातली गोष्ट मूळ मुद्दा आहे. इतरांचे रस्ते बुजले म्हणून जे उत्पन्न वाढले, त्याला शहराने भरभराट मानले. वाटेवरच्या मालावर जगणाऱ्या शहराला माल कोठून येतो आणि किती दिवस येईल, हे विचारण्याची सवय राहत नाही. नगराध्यक्षाचा दोष तो पैसे मोजत होता हा नसून, दारात आलेलेच पैसे तो मोजत होता हा आहे. न येणाऱ्या मालाचा रकाना त्याच्या वहीत नव्हता. माझ्याही नव्हता, मी तेथे निरंक लिहीत होतो.

दुसरे असे की, शहराचे नागरी जीवन मेलेले नव्हते. पूर आणि विषारी मासे यांची भाकिते करतो म्हणून ज्याची थट्टा होई, त्या बार्ड नावाच्या धनुर्धाऱ्याने, डोंगरातून ड्रॅगन येतो आहे असा इशारा देताच घराघरातील भांडी पाण्याने भरली गेली, धनुर्धारी जागेवर उभे राहिले आणि ड्रॅगन पोहोचण्याआधी पूल तोडला गेला. एवढ्या थोड्या वेळात एवढे काम करणारी यंत्रणा कागदावर नसेल, पण लोकांच्या हातापायांत होती. शहर जळून बुडाले तरी तीन चतुर्थांश माणसे वाचली. त्याच वेळी नगराध्यक्ष आपल्या सोनेरी होडीकडे धावत होता, याचे मी समर्थन करणार नाही.

तिसरी बाब, बार्डच्या बाणाने ड्रॅगन मेल्यानंतर वाचलेले लोक जेथे जमले त्या किनाऱ्यावरची. गर्दी ओरडते की, म्हातारे आणि पैसे मोजणारे आता पुरे झाले, आम्हाला बार्ड राजा हवा. हे वाक्य मी व्यक्तिशः मनाला लावून घेतले आहे. नगराध्यक्ष उत्तर देतो की, आम्ही निव्वळ लढवय्यांची सत्ता कधी चालवून घेतलेली नाही, आणि तोल सावरताच ड्रॅगनला चिथावल्याचा सगळा दोष खुजांवर ढकलतो. पहिले विधान उत्तम आहे, दुसरी हालचाल सराईत आहे आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत. पुढे मदतकार्य बार्डच चालवतो, परंतु प्रत्येक आदेश नगराध्यक्षाच्या नावाने काढतो. ‘मा. अध्यक्ष यांच्या आदेशानुसार’ हे शब्द ज्यांनी हजार वेळा लिहिले आहेत, त्यांना बार्डच्या राजकीय शहाणपणाची किंमत कळेल.

आणि माझा बचाव कोठे संपतो तेही सांगतो. बार्डने शहरवासीयांच्या मदतीसाठी सोने दिले. त्यातले बहुतेक घेऊन नगराध्यक्ष पळाला आणि सोबत्यांनी सोडून दिल्यावर उजाड प्रदेशात उपासमारीने मेला. मदतनिधीचा अपहार हा अपहारच आहे. त्याला माझ्याकडे खुलासा नाही. नवे शहर थोडे उत्तरेला, जुन्या जागेपासून दूर वसले, आणि आता नदीतून सोने वाहते अशी गाणी नव्या नगराध्यक्षाच्या नावाने निघू लागली. त्यांचा कागद कोणाच्या साठ्यातून गेला, हे मी विचारणार नाही.

दुसरी चिठ्ठी आली. एकच प्रश्न ठेवतो आणि बसतो. ड्रॅगनच्या पोटाला चिकटलेली रत्ने त्याच्या सांगाड्याबरोबर जुन्या शहराच्या खांबांमध्ये पाण्याच्या तळाशी पडलेली आहेत आणि तेथे बुडी मारायला कोणी धजत नाही. आपल्याकडील १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. सरोवराचा तळ ही जमीन धरायची की पाणी, आणि तो जुन्या शहराच्या हद्दीत धरायचा की नव्या, याबद्दल आपल्यापैकी कोणाला काही सांगता आले तर चहाच्या वेळी मी दाराजवळच्या खुर्चीवर आहे.