गोठ्याला माहीत, कंपनीला नाही

(दृश्य: पलूस तालुका. विमा उतरवायचा म्हणून गोठ्यात जनावरांचे डॉक्टर गायीच्या कानाला बिल्ला मारतायत.)

दात बघून वय लिहिलं, कास चाचपली, बिल्ल्यासकट फोटो निघाला. गाय निवांत रवंथ करतेय. कागदावर ती ठणठणीत. मागच्या वेताला व्याल्यावर ती बसली होती आणि सलाईन लावून उठवावी लागली, हे ठाऊक फक्त घरच्यांना. शेजारी आणखी तीन गायी आहेत. त्यांचा विमा? "त्यांना काय धाड भरलीय!"

यात लबाडी शोधायला जाऊ नका. जिथं धास्ती आहे तिथंच माणूस पैसे घालणार. पण हिशेब फिसकटतो तो इथंच.

धरून चला, ऐंशी हजारांची एक, अशा शंभर गायी. ऐंशी दणकट, त्यांच्यात वर्षाला शंभरात एक दगावते. वीस नाजूक, त्यांच्यात शंभरात सोळा. सगळ्या उतरवल्या तर गायीमागं हप्ता ३,२०० रुपये, कंपनीचा खर्च वेगळा. दणकट गायवाला म्हणतो, माझी जोखीम आठशेची, बत्तीसशे कशाला भरू? तो बाहेर. राहिल्या वीस, आणि हप्ता १२,८००! तो भरणार कोण?

जुन्या मोटारींच्या बाजारातही खोट विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही; तिथं हेच कसं घडतं, ते जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलं. २००१ मध्ये स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

'सगळा गोठा उतरवा' हा विमा कंपन्यांचा आग्रह यातूनच येतो. माणसांच्या आरोग्यविम्यात आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतात, तेही यासाठीच.

(दृश्य: सातारा. पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण.)

आता उलटा डाव. हे निवृत्त मास्तर रोज किल्ला चढतात. आई नव्वदी ओलांडून गेली. ॲन्युइटीत एकरकमी पैसे भरायचे, मग मरेपर्यंत पेन्शन. इथं कंपनीला धास्ती मास्तरांसारख्यांचीच! ते म्हणतात, मूळ रक्कम परत नको, पेन्शन वाढवून द्या. ज्याला एक झटका येऊन गेलाय, तो वारसाला रक्कम परत मिळणारा पर्याय धरतो, नाहीतर सरळ बँकेत एफडी करतो.

एमी फिंकेलस्टीन आणि जेम्स पोटर्बा या अर्थतज्ज्ञांनी ब्रिटनमधल्या एका ॲन्युइटी कंपनीच्या नोंदी चाळल्या. पुढं वाढत जाणारी पेन्शन निवडणारे जास्त जगले होते, वारसाची सोय बघणारे कमी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं; निवडीनंच सांगितलं.

ब्रिटनमध्ये सिगारेट ओढणाऱ्याला, मधुमेह्याला जास्त पेन्शन देणारी ॲन्युइटी मिळते. आपल्याकडं सहसा तब्येत विचारतच नाहीत, त्यामुळं साखरेचा त्रास असलेल्याला आणि मास्तरांना दर एकच. आयुर्विमा घेणाऱ्यांचा आणि पेन्शन घेणाऱ्यांचा मृत्युदर तक्ता मात्र भारतातही वेगवेगळा आहे. एफडीवाले पेन्शनकडं आलेच नाहीत. मास्तरांचा दर ठरतो तो त्यांच्यासारख्याच दीर्घायुषींच्या तक्त्यावरून.