क्रूसोची होडी पाण्यात का गेली नाही

नमस्कार श्रोतेहो. डॅनियल डीफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली प्रसिद्ध झाली. शाळेत असताना आपल्यापैकी अनेकांनी ती संक्षिप्त रूपात वाचली असेल. संक्षेपात बहुधा गळतो तो जहाज फुटून निर्जन बेटावर एकटा अडकलेल्या क्रूसोच्या कष्टांचा हिशेब, आणि आमच्या मते कादंबरीचा खरा जीव तिथेच आहे.

धान्याचंच बघा. कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी झटकली, तिथे पावसानंतर जव उगवलं. ते जपून त्यानं पेरलं, पण पुढचे महिने कोरडे गेले. आपल्या मुरबाड-शहापूरकडे धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीतच, भात पेरतात, ते मृग तोंडावर आल्यावर. बेटावरचा पाऊस कधी येतो, हे क्रूसोला ठाऊक नव्हतं. मूठभर बी मागे ठेवलं होतं म्हणून निभावलं. तरी स्वतःचं धान्य तोंडात पडायला चौथं वर्ष उजाडलं.

होडीचा हिशेब याहून जिव्हारी लागतो. बुंध्याशी पावणेसहा फुटांहून जाड असं सीडरचं झाड त्यानं निवडलं. पाडायला २० दिवस, फांद्या छाटायला १४, बाहेरून आकार द्यायला एक महिना, आतून पोखरायला जवळजवळ तीन महिने. तेही विस्तव न वापरता, नुसत्या हातोडी-छिन्नीनं. २६ माणसं बसतील एवढी होडी झाली.

पाणी होतं सुमारे १०० यार्डांवर. ठाणे स्टेशनच्या फलाटाच्या निम्मंही अंतर नाही! पण मध्ये चढ होता. तो त्यानं खणून काढला, तरी होडी तसूभर हलेना. मग पाणीच होडीपर्यंत आणायचा हिशेब मांडला, तर एकट्याच्या हातांनी १०-१२ वर्षं लागणार होती.

‘ही पाण्यात कशी न्यायची?’ हा प्रश्न त्याला पडला नव्हता असं नाही. ‘आधी होऊ दे, मग बघू,’ असं म्हणून तो स्वतःच हा प्रश्न बाजूला सारायचा. पुढे सोबती झालेला फ्रायडे भेटेपर्यंतच्या जवळजवळ २५ वर्षांत त्याला हटकणारं दुसरं माणूस नव्हतं. डीफो एकटेपणा असा दाखवतो.

दुसरी होडी त्यानं लहान केली. ६ फूट रुंद, ४ फूट खोल चर खणून सुमारे अर्ध्या मैलावरच्या खाडीत उतरवली. त्यात जवळजवळ दोन वर्षं गेली. समुद्र ओलांडायला ती लहानच होती, म्हणून डोलकाठी नि शीड चढवून, उन्हासाठी मागे छत्री रोवून, तो तिच्यातून बेटाला वळसा घालायला निघाला.