ऊर्फच्या मागे लागू नका, लग्नाची नोंद धरा

मित्रहो, कॅनडातल्या क्वेबेकमधल्या फ्रेंच घराण्यांचा मूळपुरुष शोधायचा कसा, हा आजचा विषय. माझं म्हणणं सरळ आहे: आडनाव सोडा, लग्नाची नोंद धरा. पण त्यासाठी आधी आडनावांचा गुंता सांगायला हवा.

क्वेबेक तेव्हा फ्रान्सची वसाहत. १६६५ साली फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने कारिन्यां-सालिएर पलटण तिथे धाडली. हजारावर शिपाई आले, त्यांतले सुमारे चारशे तिथेच स्थायिक झाले. पलटणीत ज्याला त्याला टोपणनाव. कोणी लाफ्लर, म्हणजे फूल. कोणी सांसूसी, म्हणजे बिनघोर. वसाहतीच्या कागदांत एक डोंगरफोड्यासुद्धा सापडतो! हसा, पण ही नावं जमिनीच्या दस्तांवर आहेत. मूळ आडनाव, मग ‘दी’, मग टोपणनाव. ‘दी’ म्हणजे आपलं ‘ऊर्फ’च.

शेतकऱ्यांतही हीच रीत. क्वेबेकमधल्या बातिस्कां गावचे रिवार बंधू घ्या: निकोला रिवार ऊर्फ लाव्हिन आणि रोबेर रिवार ऊर्फ लोरांजे. पुढे वंशजांपैकी कोणी रिवार राहिले, कोणी नुसते लाव्हिन, कोणी लोरांजे, कोणी लानुएत. रक्त एक, पाट्या चार. आणि क्वेबेक शहरातलं ते आब्राहामचं मैदान, १७५९ची इंग्रज-फ्रेंच लढाई झाली ते? ते ज्याच्या नावाचं, तो आब्राहाम मार्तँ ऊर्फ ‘स्कॉटिश’. तेवढ्यावरून त्याला स्कॉटलंडचा ठरवू नका. ऊर्फ हा पुरावा नव्हे.

आता माझी तक्रार. वंशावळीची एक साइट मी रोज वापरते. तिच्यात आडनावाला एकच चौकट. बाप्तिस्म्याला रिवार, लग्नात लाव्हिन, दफनाच्या नोंदीत दोन्ही. झाली एका माणसाची तीन माणसं! कोणीतरी ते उतरवून घेतो, त्याच्यावरून दुसरा. मी दुरुस्ती कळवली, तर उत्तर आलं की स्पेलिंगचे फरक चालतात. हा स्पेलिंगचा फरक आहे? त्याहून चीड येते ती बायकांना नवऱ्याचं आडनाव चिकटवतात त्याची. फ्रेंच पाद्र्यांच्या वहीत बाई बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत माहेरच्या नावाने असते. तेच पुसलं, तर तिच्या आईबापांपर्यंत जायची वाट बंद. क्वेबेकमध्ये तर १९८१पासून कायद्यानेच बाईचं जन्माचं नाव लग्नानंतर कायम राहतं.

संयोजकांनी पाच मिनिटांची खूण केली आहे, तेव्हा पद्धत भरभर सांगते.

पहिल्या लग्नाच्या नोंदीत सहसा वधूवरांचे आईवडील असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. ती जोडी घ्या, तिचं लग्न शोधा, असं एकेक पिढी मागे जा. शोध वधूच्या पॅरिशपासून, म्हणजे तिच्या गावच्या चर्चच्या हद्दीपासून, सुरू करा, लग्न बहुधा तिथेच लागे. पुनर्विवाहाच्या नोंदीत बऱ्याचदा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचंच नाव असतं. तिथे अडलात, तर पहिलं लग्न गाठा. वह्या दोन प्रतींत होत, चर्चची जळली तर सरकारी बघा. एकोणिसाव्या शतकात जवळपास प्रत्येक मुलगा जोसेफ आणि मुलगी मारी, म्हणून त्यापुढची नावं वाचा. मूल दगावलं तर तेच नाव पुढच्याला ठेवत, तेव्हा दफनाची नोंद तपासल्याशिवाय जन्मतारीख लावू नका.

आणि १६६३ ते १६७३मध्ये राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे आठशे मुली, ‘राजाच्या लेकी’, यांच्यासाठी चर्चवर थांबू नका. नोटरीकडचा विवाहकरार काढा. तिचं फ्रान्समधलं गाव आणि राजाने दिलेला हुंडा त्यात सापडण्याची शक्यता जास्त.