वेबसाइटचं न दिसणारं काम

वेबसाइट करायची म्हटलं की छोट्या व्यावसायिकाचा पहिला प्रश्न असतो, "दिसायला कशी असेल?" माझा आग्रह आहे की हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असावा. रंग, मांडणी, छायाचित्रं नंतरही बदलता येतात. पण वेबसाइटचा पत्ता कुणाच्या नावावर घेतला, मजकूर कोण लिहिणार, आलेली चौकशी कुणाकडे जाणार, हे आधी ठरलं नाही तर पुढे ते निस्तरताना फार त्रास होतो. म्हणून आज मी मुख्यतः या न दिसणाऱ्या भागाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात कागदावर करा. एकच वाक्य लिहायचं: साइटवर आलेल्या माणसाने जाण्यापूर्वी काय केलेलं असावं? फोन, भेटीची वेळ, खरेदी, की पत्ता पाहून थेट तुमच्याकडे येणं? यातलं एक मुख्य, बाकीची दुय्यम. मग प्रत्येक पानावर त्या मुख्य कृतीचं बटण असेल आणि इतर कशालाही तितकं ठळक स्थान नसेल. चार गोष्टी सारख्याच ठळक केल्या की माणूस गोंधळतो आणि एकही न करता निघून जातो.

त्यानंतर मागच्या दोन-तीन महिन्यांत ग्राहकांनी फोनवर, संदेशांत, समोरासमोर विचारलेले प्रश्न गोळा करा. सायकल दुरुस्तीचं काम असेल तर प्रश्न असे असतात: किती दिवस लागतील, अमुक प्रकारचे गिअर बसवता का, सायकल न्यायला येता का, सुटे भाग माझे चालतील का, साधारण खर्च किती. पंचवीस-तीस प्रश्न जमले की त्यांचे गट पाडा. हे गट म्हणजेच तुमची पानं. "आमचं ध्येय, आमची दृष्टी" असं पान या यादीतून कधीच निघत नाही, कारण ते कुणी विचारत नाही.

प्रत्येक मुख्य सेवेला स्वतंत्र पान द्या. सर्च इंजिन शोधणाऱ्यासमोर पान ठेवतं, अख्खी साइट नाही. बारा सेवा एकाच पानावर दोन-दोन ओळींत उरकल्या, तर त्यांपैकी एकीबद्दलही पुरेशी माहिती तिथे नसते, आणि नेमकी तीच सेवा शोधणाऱ्या माणसाला ते पान सापडणं अवघड होतं. सेवेच्या पानावर काम काय, कुणासाठी, किती वेळ, काय समाविष्ट आणि काय नाही, हे यायला हवं. दराबद्दल बरेच जण कचरतात. नेमका आकडा देता येत नसेल तर सुरुवातीचा दर द्या, किंवा दर कशावर ठरतो ते लिहा. त्याने न परवडणाऱ्यांचे फोन कमी होतात आणि गंभीर ग्राहकाचा विश्वास वाढतो.

हा मजकूर डिझाइनच्या आधी तयार हवा. नमुन्याच्या निरर्थक मजकुरावर बेतलेल्या चौकटीत खरा मजकूर ओतला की शीर्षकं दोन ओळींवर जातात, बटणं फुटतात, आणि मग जागेत मावावं म्हणून उपयोगाची माहिती कापली जाते. रखडलेली वेबसाइटही बहुधा मजकुरासाठीच रखडलेली असते, तांत्रिक अडचणीसाठी नाही.

आता पत्ता, म्हणजे डोमेन. इथे मी जरा थांबणार आहे. डोमेन तुमच्या स्वतःच्या खात्यात, तुमच्या नावावर असलं पाहिजे. साइट बनवणाऱ्याने "मी घेऊन देतो" म्हटलं तरी खातं तुमचं असावं आणि त्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. नाहीतर तो माणूस उद्या व्यवसाय सोडून गेला की तुमचा पत्ता, आणि त्यावर चालणारा ईमेलही, त्याच्या हातात राहतो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणखी एक बारीक गोष्ट सहज निसटते: रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि इशाऱ्याची पत्रं पोचतच नाहीत. डॉट कॉमसारख्या पत्त्याची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारने नाव काढून टाकलं, तर पुढचे ३० दिवस जादा शुल्क भरून ते परत मिळू शकतं. ते दिवस गेले की आणखी ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण खात्याला जोडलेलं कार्ड अजून चालतं का हे वर्षातून एकदा पाहा.

साइट कशावर बांधायची? तयार बिल्डर (तयार साच्यांतून साइट बांधून देणारी भाड्याची सेवा), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन त्यावर वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, किंवा हाताने लिहिलेली स्थिर पानं. बिल्डरमध्ये देखभाल त्यांची, पण दर महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं आणि बाहेर पडताना अडचण: मजकूर आणि वस्तूंची यादी साधारणपणे काढून नेता येते, मांडणी नेता येत नाही. वर्डप्रेस मुक्त आहे, कुठेही हलवता येतं, पण अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी तुमची. जुनी, कुणी न सांभाळलेली प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचे जादा भाग) ही घुसखोरीची नेहमीची वाट आहे, त्यामुळे नको असलेली प्लगिन बंद करून ठेवू नका, काढून टाका. स्थिर पानं वेगवान आणि सुरक्षित असतात, मात्र सुट्टीची एक सूचना बदलायलाही जाणकार लागतो. माझं मत सरळ आहे: महिन्यातून तासभर देखभालीला देणारं कुणी नसेल, तर बिल्डर घ्या आणि मजकुराची प्रत स्वतःकडे ठेवा.

साइट आधी फोनवर तपासा, मग संगणकावर. गूगल पानांची नोंद मोबाइलवरच्या रूपावरून घेतं. फोनवरच्या रूपात जे ठेवलंच नाही ते त्याच्या दृष्टीने नसल्यासारखंच. संथपणाचं मुख्य कारण छायाचित्रं. फोनने काढलेला ४००० पिक्सेल रुंदीचा, ३ ते ५ एमबीचा फोटो तसाच चढवला जातो आणि पडद्यावर लहानसा दिसतो, पण उतरवावा पूर्ण लागतो. चढवण्यापूर्वी रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवा. २०० केबीच्या आत बहुतेक फोटो चांगले दिसतात. पानाचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा निकष आहे. इथे एक चूक वारंवार होते: गरज पडेल तेव्हाच चित्र उतरवण्याची सोय सगळ्या चित्रांना लावली जाते, अगदी वरच्या मोठ्या चित्रालाही. त्याने तेच उशिरा येतं. सोय खालच्या चित्रांना लावा, वरच्याला नको. फिकट राखाडी अक्षरं टाळा. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा. फोन नंबर, पत्ता आणि कामाच्या वेळा चित्रात नकोत, अक्षरांत हव्यात, म्हणजे नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो.

संपर्काच्या फॉर्मकडे मात्र फार बारकाईने पाहा, कारण तो बिघडला तर कळत नाही. ग्राहकाला "धन्यवाद" दिसतं आणि मेल तुमच्यापर्यंत येत नाही. नेहमीचं कारण असं: फॉर्म प्रेषक म्हणून ग्राहकाचाच ईमेल टाकतो, पत्र मात्र तुमच्या सर्व्हरवरून निघतं. घेणारी यंत्रणा त्याला बनावट समजते. प्रेषक तुमच्या डोमेनवरचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता "रिप्लाय-टू" या उत्तरासाठीच्या रकान्यात टाका, म्हणजे उत्तर त्यालाच जाईल. पत्र अधिकृत एसएमटीपी सेवेतून, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या सेवेतून, पाठवा. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइट आणि ईमेल कुठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदवहीत, एसपीएफ (तुमच्या नावाने पत्र कोण पाठवू शकतं याची यादी) आणि डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही तपासण्यासाठी) या नोंदी हव्यात. एसपीएफची नोंद एकच असावी. नवी ईमेल सेवा घेताना जुनीच्या शेजारी दुसरी नोंद टाकली तर तपासणीच चुकते आणि दोन्ही सेवांची पत्रं अडचणीत येतात. नवा मजकूर जुन्याच नोंदीत मिसळायचा. शिवाय प्रत्येक चौकशी साइटवरही साठवली जावी. फॉर्ममध्ये नाव, फोन किंवा ईमेल आणि संदेश पुरे. वापरणार नसाल ती माहिती मागूच नका.

नवी साइट चालू करताना तीन गोष्टी हमखास राहतात. बांधकामाच्या काळात सर्च इंजिनला दूर ठेवणारी खूण तशीच राहते, आणि काही आठवड्यांनी प्रश्न येतो की गूगलवर आम्ही का दिसत नाही. वर्डप्रेसमध्ये हा वाचनाच्या सेटिंग्जमधला एक चौकोन आहे. दुसरी, जुन्या पानांचे पत्ते बदलतात आणि त्यांवर आलेले लोक "पान सापडलं नाही" पाहतात. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचं कायमचं वळण द्या. सगळं होमपेजकडे वळवू नका, कारण शोधणाऱ्याला हवं ते तिथे नसतं. तिसरी सर्वांत महाग पडते: नव्या होस्टिंगसाठी नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची नोंदवही ठेवणारे सर्व्हर, बदलले जातात आणि ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्या ठिकाणीच राहतात. साइट सुंदर चालते, ईमेल बंद. बदलापूर्वी सगळ्या डीएनएस नोंदींची प्रत काढा. साइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात न लावता फक्त ए नोंद, म्हणजे साइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी नोंद, बदला. त्या नोंदीची टीटीएल (इतर यंत्रणा ती किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणून ठेवली, तर काही चुकल्यास मागे फिरणंही लवकर होतं.

बॅकअप होस्टिंगच्या त्याच खात्यात ठेवला तर खातं गेलं की तोही जातो, म्हणून एक प्रत दुसरीकडे हवी. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून साइट वेगळ्या जागी उभी करून पाहा. एचटीटीपीएसचं, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं, प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, पण त्याची मुदत थोडी असते. नूतनीकरण आपोआप होतंय ना, याची खात्री करा. दर तीन महिन्यांनी स्वतःच्या फोनवरून, वायफाय बंद करून, फॉर्म भरून पाहा, नंबरवर बोट ठेवून पाहा आणि कामाच्या वेळा आजच्या आहेत का ते वाचा. नकाशावरच्या व्यवसाय नोंदीतही त्याच वेळा आणि तोच नंबर आहे ना, हेही त्याच बैठकीत तपासून घ्या.